स्पेइरा
स्पेइरा : नव्या करारात (बायबलचा उत्तरार्ध) रोमन कोहोर्तसाठी, म्हणजे काही शे सैनिकांच्या पथकासाठी, येणारी ग्रीक संज्ञा. मूळ अर्थ वेटोळे, पिळलेला दोर. मराठी बायबलमध्ये ‘पलटण’ किंवा ‘तुकडी’. (‘पलटण’ प्लाटूनवरून आला असे मानल्यास त्याच्याही मुळाशी फ्रेंचमधील लहान गोळा किंवा गुंडी निघते.) नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (कृत्ये १०:१, २१:३१ व २७:१) षष्ठीचे रूप ‘स्पेइरास’ असे नसून ‘स्पेइरेस’ असे कोइने (त्या काळच्या सामान्य ग्रीक) वळणाचे आहे.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या (इ. स. पू. दुसरे शतक) लेखनात स्पेइरा म्हणजे मॅनिपल ही लहान तुकडी, अशा तीन मिळून कोहोर्त. साम्राज्यकाळी मात्र हा शब्द खुद्द कोहोर्तसाठी रूढ झाला. लिजनच्या (मुख्य रोमन सैन्यदलाच्या) साध्या कोहोर्तचे कागदावरचे बळ ४८०, म्हणजे ८० जणांच्या सहा तुकड्या (सेंच्युरी). साहाय्यक (लिजनबाहेरच्या) कोहोर्तांबाबत पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस दोन आकडे देतो : काहींत १,०००, तर इतरांत ६०० पायदळ व १२० घोडेस्वार. ‘खिलिआर्खोस’ (शब्दशः सहस्राधिपती) हा ट्रिब्यून या रोमन सेनाधिकाऱ्यासाठीचा ठरीव ग्रीक प्रतिशब्द असल्याने त्यावरून हजार सैनिक मोजणे चूक ठरते.

खरा वाद योहान १८:३, १२ विषयी आहे. येशूला धरायला आलेली स्पेइरा रोमन होती काय? मत्तय, मार्क व लूक तेथे रोमनांचा उल्लेख करीत नाहीत, आणि कैदी आधी रोमनांकडे नव्हे, तर हन्ना या यहुदी याजकाकडे नेला जातो. सेप्तुआगिंतात, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात (यहूदीथ १४:११, २ मक्काबी ८:२३, १२:२०) हीच संज्ञा यहुदी सैन्याला लावलेली आहे, त्यामुळे काहींच्या मते हे मंदिराचे शिपाईच. परंतु योहान याजकांचे कामदार वेगळे सांगतो व ‘स्पेइरा’ला निश्चित उपपद (ठरावीक, ओळखीची तुकडी दाखवणारे) जोडतो. त्यामुळे यरुशलेममधील अंतोनिया गढीतील रोमन शिबंदी, बहुधा तिचा काही भाग, हा अर्थ अधिक जुळतो. याउलट मार्क १५:१६ मध्ये ‘सबंध’ स्पेइरा असे मुद्दाम म्हटले आहे.

इ. स. ६६ पूर्वी यहूदीयात कायम लिजन नव्हते. रोमन सुभेदाराच्या हाताखाली मुख्यतः सेबास्ते व कैसरिया या तिथल्याच शहरांतील साहाय्यक पथके होती. म्हणून कृत्ये १०:१ मधील शताधिपती कर्नेल्याच्या ‘इटलिक’ (इटलीच्या) पलटणीबद्दल शंका घेतली जाते. कार्नुंतुम (आजच्या ऑस्ट्रियातील रोमन ठाणे) येथील शिलालेखावरून दुसरी इटलिक कोहोर्त सुमारे इ. स. ६९ च्या आधी सिरियात असल्याचे दिसते. कैसरियातील तिचा मुक्काम त्याने सिद्ध होत नाही. कृत्ये २७:१ मधील पलटणीचे ‘सेबास्ते’ हे नाव बहुधा ‘औगुस्ता’ या सन्मानपदाचे भाषांतर असावे, गावाचे नाव नव्हे.