'पत्री' आणि छातीवरचा निषेध

निषेधाचा माल कसा होतो यावर चित्र करायचं म्हटलं की साताऱ्या-सांगलीतल्या पोरांनाही आधी चे गव्हेराच सुचतो. टी-शर्टांवर दिसणारा त्याचा तो फोटो ५ मार्च १९६०चा, हवानातला. फोटो काढणाऱ्याला रॉयल्टी कधी मिळाली नाही. चाळीस वर्षांनी तो चेहरा व्होडकाच्या जाहिरातीत दिसला तेव्हा मात्र फोटो काढणारा कोर्टात गेला.

आपल्याकडचा नमुना याहून गुंत्याचा आहे. १९४३ ते ४६ या काळातलं सातारा जिल्ह्यातलं (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्यातच) नाना पाटलांचं ब्रिटिशांविरुद्धचं भूमिगत सरकार कुणाला नव्यानं सांगायला नको. घोळ आहे तो नावाचा. लिहिताना 'प्रति सरकार', बोलताना 'पत्री सरकार'. काहींच्या मते 'प्रति'चंच लोकांच्या तोंडी 'पत्री' झालं. दुसरं मत असं, की बैलाच्या खुराला मारतात तशी पत्री खबऱ्यांच्या आणि गावगुंडांच्या तळपायाला ठोकत, म्हणून हे नाव. तळपायावर पडायचे ते काठीचे फटके, खिळे वगैरे काही नाही, असं चळवळीतल्या काहींनी उतारवयात सांगितलं. पण त्या काळी हा समज खोडून काढायची घाई कुणाला झाली नसावी. धाक कामाचा होता. न्यायदान मंडळं, कमी खर्चातले गांधी-विवाह, दारूबंदी हे त्या सरकारचं रोजचं काम. ते टी-शर्टावर छापायचं कसं? 'प्रति' तर अगदीच मिळमिळीत. 'पत्री' मात्र झणझणीत, आणि वर मिशा काढायलाही जागा उरते.

वाटेगावच्या शाहिराच्या, अण्णा भाऊ साठेंच्या 'माझी मैना' या छकडीचंही तेच झालं. गावाकडं राहिलेल्या मैनेचा विरह ऑर्केस्ट्रात आजही टाळ्या घेतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो विरह ज्या बेळगाव-कारवारसाठी लिहिला, तो भाग गाळला तरी कुणाचं अडत नाही.

२०११ साली 'मी अण्णा' छापलेल्या टोप्या आल्या, २०१६च्या मूक मोर्चांत घोषणेचे टी-शर्ट आणि गाडीच्या काचेवरचे स्टिकर. यात हातगाडीवाल्याला दोष देणं मला पटत नाही. त्यातले कितीतरी स्वतः मोर्चात चालले असतील. २०१७ साली शीतपेयाच्या एका कंपनीनं मोर्चालाच जाहिरातीचा देखावा केला आणि टीकेची राळ उठल्यावर एका दिवसात ती जाहिरात मागे घेतली. ते वेगळं.

या सगळ्यावर बोट ठेवणारी कलाही बाजाराबाहेर राहत नाही. लंडनमध्ये २०१८ साली लिलावाचा हातोडा पडताच एक चित्र चौकटीतून खाली सरकत अर्धं फाटलं. चित्रकारानंच चौकटीत यंत्र बसवलं होतं. तेव्हा किंमत आली होती सुमारे १० लाख पौंड. २०२१ मध्ये तेच चित्र, तसंच फाटलेलं, १ कोटी ८५ लाखांच्या वर गेलं.