तापलेला हात आणि फसलेली सरासरी

बास्केटबॉलमध्ये एखाद्या खेळाडूचे तीन-चार नेम लागोपाठ लागले की त्याचा ‘हॉट हँड’ असल्याचे इंग्रजी समालोचक सांगतात. आपण अशा वेळी ‘आज त्याचा हात बसला आहे’ किंवा ‘तो फॉर्मात आहे’ असे म्हणतो. हा तापलेला हात म्हणजे निव्वळ भ्रम असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे अजूनही बिनदिक्कत छापले जाते. तो निष्कर्ष आता तसा उरलेला नाही, आणि ज्या चुकीमुळे तो डळमळला ती इतकी देखणी आहे की तिच्याविषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही.

प्रथम शब्दांविषयी. फ्रेंचमध्ये ‘मँ शोद’, म्हणजे अक्षरशः ‘गरम हात’, हे दिवाणखान्यातल्या एका जुन्या खेळाचे नाव आहे. ज्याच्यावर राज्य असते तो गुडघ्यांवर बसून दुसऱ्याच्या मांडीत तोंड लपवतो, एक तळवा उताणा करून पाठीवर ठेवतो, आणि त्यावर चापट कोणी मारली हे त्याने न पाहता ओळखायचे असते. इंग्लंडमध्ये याच खेळाला ‘हॉट कॉकल्स’ म्हणत. 18व्या शतकातील चित्रकार फ्रागोनार यांनी रंगवलेला हा खेळ आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत पाहायला मिळतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तर गिलोटिन या शिरच्छेदाच्या यंत्राखाली जाण्यालाही ‘गरम हात खेळणे’ म्हटले गेले, कारण तिथेही मान खाली आणि हात पाठीमागेच असत. या खेळातली उष्णता खरी असते. चापटी बसल्या की तळव्याकडे रक्त धावते आणि तो लाल होतो. जुगारात मात्र ‘हॉट’ म्हणजे नशीब उघडलेला. क्रॅप्स या फाशांच्या खेळात फासे टाकणाऱ्याच्या एका पाळीला ‘हँड’ म्हणतात, आणि ती लांबत गेली की पाहणाऱ्यांना ती तापल्यासारखी वाटते. फाशांना स्मरणशक्ती नसते, हे जुगाऱ्याला पटत नाही. सचिन खेळत असताना घरात कोणालाही जागचे हलू न देणाऱ्या काकांनाही ते पटत नसे.

हाताला मात्र मज्जातंतू आणि स्नायू असतात, म्हणून प्रश्न खुला राहतो. 1985 मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमोस ट्वर्स्की यांनी तो तपासला. दोन-तीन नेम लागल्यावर पुढचा लागण्याची शक्यता वाढते, असे त्यांनी विचारलेल्या 100 चाहत्यांपैकी 91 जणांना वाटत होते. कॉर्नेल विद्यापीठाच्या 26 खेळाडूंना प्रत्येकी सुमारे 100 नेम मारायला लावल्यावर मात्र, लागोपाठ तीन लागल्यानंतरचे आणि लागोपाठ तीन हुकल्यानंतरचे यश सरासरीने जवळजवळ सारखेच निघाले. तापलेला हात नाही, असा निकाल लागला, आणि तो 33 वर्षे टिकला.

आता एक नाणे घ्यावे आणि ते तीनदा उडवावे. छापा-काट्याच्या आठ मालिका संभवतात आणि त्या सर्व सारख्याच शक्य असतात. प्रत्येक मालिकेत छाप्याच्या लगेच पुढे जी फेक येते, त्या फेकींपैकी किती छापा आहेत याचे प्रमाण काढावे. ‘काटा-काटा-छापा’ आणि ‘काटा-काटा-काटा’ या मालिकांत छाप्यापुढे फेकच नाही, म्हणून त्या बाद होतात. उरलेल्या सहांपैकी ‘छापा-छापा-छापा’ आणि ‘काटा-छापा-छापा’ यांचे प्रमाण 1, ‘छापा-छापा-काटा’चे अर्धा, बाकी तिघींचे शून्य. बेरीज अडीच आणि तिला सहाने भागले की सुमारे 42 टक्के. नाणे पूर्ण निष्पक्ष असूनही उत्तर 50 टक्के येत नाही! मी हा तक्ता पहिल्यांदा कॅलेंडरच्या पानामागे मांडला तेव्हा आपलीच बेरीज चुकली, असे समजून तीनदा पुन्हा केली.

बेरीज बरोबर असते. मोजण्याची रीत फसवते. छाप्यापुढच्या सर्व फेकी एकत्र मोजल्या तर त्या आठ भरतात आणि त्यांतल्या चार छापा असतात, म्हणजे बरोबर निम्म्या. परंतु मालिकानिहाय सरासरी काढताना प्रत्येक मालिकेला एकच मत मिळते. ‘छापा-छापा-छापा’मध्ये दोन यशस्वी फेकी आहेत, तरी त्या दोघींना मिळून एक मत, ‘काटा-छापा-काटा’मधील एकट्या अपयशालाही तेवढेच एक मत. छापे जिथे दाटीने येतात तिथेच त्यांचे वजन कापले जाते, म्हणून सरासरी खाली झुकते.

खेळाडूंच्या अभ्यासातही प्रमाण आधी प्रत्येकाचे वेगळे काढून मग सरासरी घेतली होती. निम्मे नेम मारणारा आणि अजिबात न तापणारा खेळाडू 100 प्रयत्नांत, लागोपाठ तीन यशांनंतर, सरासरी 50 नव्हे तर सुमारे 46 टक्केच यश दाखवतो. तीन अपयशांनंतरचा आकडा उलट तेवढाच वर सरकतो. तेव्हा दोन्ही आकडे सारखे येणे हाच हात तापत असल्याचा पुरावा ठरतो. अर्थशास्त्रज्ञ जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सान्हुरहो यांनी 2018 मध्ये हे दाखवून दिले. त्यांनी दुरुस्ती केल्यावर कॉर्नेलच्या त्याच जुन्या आकड्यांतून, तीन यशांनंतरच्या आणि तीन अपयशांनंतरच्या टक्केवारीत, दहा अंकांहून मोठा फरक बाहेर आला.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी चार फेकींचा तक्ता मांडावा. 16 मालिकांपैकी 14 उपयोगी पडतात आणि सरासरी 17 भागिले 42, म्हणजे सुमारे 40.5 टक्के येते. तीन फेकींपेक्षाही कमी.