लघवी होतेय, तरी क्रिएटिनिन वाढतंय

इंदूरच्या रामबागेत आत्याकडे रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "लघवी तर होतेय की!" आत्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, दोन महिन्यांपूर्वी ०.९ होतं, ते ६.४ वर गेलेलं. पाय सुजलेले, अन्न समोर आलं तरी मळमळायचं. खापर फुटलं केमोवर. त्यातलं सिस्प्लाटिन हे औषध मूत्रपिंडांना बाधतं, त्यामुळे संशय अगदीच चुकीचा नव्हता.

सोनोग्राफीत मात्र वेगळंच निघालं. उजवं मूत्रपिंड लघवी तुंबून फुगलेलं, आणि डावं केव्हाच दबून पातळ झालेलं. एक बंद पडलं तरी दुसरं भार उचलतं, म्हणून त्याचा पत्ताच लागला नव्हता.

मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी मूत्रवाहिनी आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. बायकांत ती गर्भाशयमुखापासून दोनेक सेंटीमीटरवरून जाते. गाठ बाजूला पसरली की ती आवळली जाते. प्रोस्टेट, मूत्राशय, मोठं आतडं यांच्या कर्करोगातही हे होतं.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात. गाळणं चालतं रक्ताच्या दाबावर. पुढची वाट अडली की मागून उलटा दाब येतो आणि गाळणं मंदावतं. वाट अर्धवटच अडली असेल तर लघवी होत राहते, कधी नेहमीपेक्षा जास्तही, कारण पाणी परत ओढून घ्यायची ताकदच गेलेली असते. म्हणजे घरातले मगात धरून मोजत होते ते नुसतं पाणी. पोटॅशियम आणि युरिया आतच साचत होते. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयच थांबू शकतं.

डायलिसिसने रक्त साफ होतं, वाट मोकळी होत नाही. त्यासाठी आतून डीजे स्टेंट, म्हणजे दोन्ही टोकांना वळण असलेली नळी. ही १९७८ पासूनची. गाठीच्या दाबाखाली ती सरकेना, तर पाठीतून सुई घालून थेट मूत्रपिंडात नळी, आणि लघवी बाहेरच्या पिशवीत.

आत्याला पाठीतूनच घातली. त्या रात्री पिशवीत चार लिटर लघवी आली, आणि आमची भीती उलटी झाली: आता अंगातलं मीठ-पाणी निघून जातंय म्हणून सलाइन. आठवड्यात क्रिएटिनिन १.६.

आजार फार पुढे गेला असेल तेव्हा ही पिशवी हवी का, हे रुग्णालाच विचारावं, असं माझं मत. आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, "लाव, पण बाहेरून दिसता कामा नये." नळी दर तीन महिन्यांनी बदलायची. तारखा ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते.