पुण्यात परवडणारं घर भाड्यानं शोधताना

घर शोधायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "भाडं किती?" आम्ही ब्रोकर आधी विचारतो, नोकरी किंवा कॉलेज कुठे आणि जाणार कशानं? हिंजवडीत कामाला असणाऱ्यानं वाघोलीत स्वस्त फ्लॅट घेतला, तर वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातात आणि दिवसातले कित्येक तास रस्त्यावर. म्हणून भाडं, मेंटेनन्स, पाणी आणि प्रवास यांची बेरीज करूनच घरं पाहायला निघा.

मेट्रो आणि लोकलच्या आसपास शोधा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गावर दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी इथल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारती जरूर पाहा. बजेट आणखी कमी असेल तर देहूरोड, तळेगाव. लोणावळा लोकल थेट शिवाजीनगरला येते, मात्र दुपारी गाड्या फार कमी. एकट्या विद्यार्थ्याला कॉट बेसिस, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत फक्त एक कॉट भाड्यानं घेणं, बरं पडतं.

घर सकाळी पाहा. किचनमधला नळ सोडा, धार कशी आहे ते बघा. मे महिन्यात टँकर येतात का, हे वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो. उंड्री, वाघोलीकडच्या अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि तो खर्च शेवटी रहिवाशांवरच येतो. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर एकाच पट्ट्यात ताजा रंग दिसला, तर ओल झाकलेली असू शकते. शेवटचं लाइट बिल मागा, थकबाकी कळेल.

आता करार. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे साध्या घराला काहीशे रुपये. एवढ्यासाठी डिपॉझिट धोक्यात घालू नका. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो), नोटीस पिरियड, रंगकामाची वजावट आणि मेंटेनन्स कोण भरणार, हे सगळं करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेल्या गोष्टींवरूनच घर सोडताना भांडणं होतात.

घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. "आधी गेटपासचे पैसे पाठवा, मग घर दाखवतो" असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. मालकीची खात्री करायला इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा मिळकत कराची पावती पाहायला मागा. खरा मालक रागावत नाही.

घर दाखवायचे आम्ही पैसे घेत नाही. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, तेही करार नोंदवल्यावरच. कराराच्या दिवशी आधार, पॅन आणि आधार कार्डासह दोन साक्षीदार लागतील.