शिवणीसाठी सोडलेली माया

कापड बेतताना शिंपी शिवणरेषेवरच कात्री चालवत नाही, बाहेर बोटभर माया सोडतो. पुण्याचे रसायनशास्त्रज्ञ प्रा. श्रीधर गद्रे यांनी रेणूंवर हीच युक्ती वापरली आणि तिला नावही शिंपीकामाचंच दिलं: मॉलिक्युलर टेलरिंग.

गद्रे आयआयटी कानपूरहून पीएच.डी. झाले, अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट पार यांच्याकडे काम करून आले आणि पुणे विद्यापीठात रमले. सुरुवातीचा ध्यास होता रेणूभोवतीच्या विद्युत-विभवाचा. विभव म्हणजे रेणूभोवती कुठल्या जागी धनभार किती ओढला किंवा ढकलला जाईल याचं माप, जणू डोंगरदऱ्यांचा नकाशाच. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या पाठीमागे दऱ्या असतात. धनभारित आयन तिकडेच ओढला जातो. 1990 मध्ये राजीव पाठक आणि गद्रे यांनी सिद्ध केलं की या नकाशात शिखरं फक्त अणुकेंद्रकांवरच असतात, मधे कुठेही नाहीत. इतका साधा आणि इतका पक्का नियम, मला तो फार सुंदर वाटतो. 1993 मध्ये गद्रे यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

मोठ्या रेणूंशी गाठ पडली की मात्र गणित हाताबाहेर जातं. रेणूची ऊर्जा काढण्याची एमपी-2 ही नेहमीची पद्धत घ्या. रेणू दुप्पट झाला की काम दुप्पट होत नाही, साधारण 32 पट होतं; तिप्पट झाला तर 243 पट! संगणक कितीही घ्या, पुरा पडत नाही.

म्हणून 1994 मध्ये गद्रे आणि सहकाऱ्यांनी टेलरिंगची पद्धत मांडली. रेणूचे तुकडे करायचे, पण एकमेकांवर चढणारे. प्रत्येक अणूला निदान एका तुकड्यात तरी आपला शेजार मिळाला पाहिजे. ही झाली माया. बंध जिथे कापला तिथे हायड्रोजनचा अणू लावायचा, कच्ची कड दुमडावी तसा. मग प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं सोडवायचं, हवं तर वेगवेगळ्या संगणकांवर, आणि उत्तरं जोडायची.

पुढे याच पद्धतीने पूर्ण रेणूची ऊर्जाही काढता येऊ लागली. तिथे जोडणी अशी: तुकड्यांच्या ऊर्जांची बेरीज करायची आणि दोनदा मोजला गेलेला सामाईक भाग वजा करायचा. वर्गात 20 जण क्रिकेट खेळतात, 15 कबड्डी, 5 दोन्ही. तर खेळाडू 30, ही शाळेतली रीतच.

सगळेच रेणू असे सहज बेतता येत नाहीत. ग्राफीनच्या, म्हणजे एकाच अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्यात इलेक्ट्रॉन दूरवर पसरलेले असतात, शेजार कुठे संपतो तेच ठरत नाही. तिथे तुकडे मोठे घ्यावे लागतात, माया भरपूर सोडावी लागते.