स्काऊटर व गाईडर : कोकणातील पथक-प्रशासन

स्काऊटर व गाईडर ही भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेच्या पथकांचे नेतृत्व विनामोबदला करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकांची अधिकृत नावे आहेत. स्काऊट पथकाच्या प्रमुखाला स्काऊट मास्तर, गाईड पथकाच्या प्रमुख स्त्रीला गाईड कॅप्टन, लहान मुलांच्या कब पथकाच्या प्रमुखाला कब मास्तर आणि लहान मुलींच्या बुलबुल पथकाच्या प्रमुख स्त्रीला फ्लॉक लीडर म्हणतात. कागदोपत्री या सर्वांचा उल्लेख ‘युनिट लीडर’ असाही होतो. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या कोकणातील जिल्ह्यांत बहुसंख्य पथके शाळांना जोडलेली असल्यामुळे हे काम मुख्यतः शिक्षकांकडे येते आणि मुले त्यांना सर, गुरुजी किंवा बाई अशीच हाक मारतात. शाळेच्या वेळेबाहेर, घरापासून दूर, दुसऱ्याचे मूल आपल्या भरवशावर नेण्याचा अधिकार एखाद्या व्यक्तीला कोणत्या अटींवर मिळतो, हा या पदासंबंधीच्या सर्व नियमांचा गाभा आहे.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर २० मुलांचे शिबिर भरवले, त्यातून ही चळवळ उभी राहिली. भारतात पहिले पथक १९०९ साली बंगळूर येथे निघाले. मात्र सुरुवातीची पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी आणि ॲनी बेझंट यांच्या प्रयत्नांतून भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन आजची संस्था स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटना तिच्यात सामील झाली. ‘उद्दिष्टे, धोरण, नियम आणि संघटन’ या विषयांवरची संस्थेची नियमपुस्तिका इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एप्रो’ या नावाने ओळखली जाते. ही चळवळ ऐच्छिक, अराजकीय, शैक्षणिक आणि जात, वंश वा धर्म यांचा भेद न करता सर्वांना खुली आहे, असे संस्थेचे धोरण सांगते. त्यामुळे गणवेशातील युनिट लीडरने किंवा मुलांनी राजकीय सभेत अथवा मिरवणुकीत सहभागी होणे नियमबाह्य ठरते. निवडणुकीच्या दिवसांत स्थानिक पुढाऱ्याच्या स्वागतासाठी गणवेशातली मुले रांगेत उभी करण्याची मागणी गावागावांतून येते. तिला नकार देताना लीडरने आपली नापसंती पुढे न करता नियमाचा हवाला द्यावा, म्हणजे गावाशी संबंध बिघडत नाहीत.

शाळेतील युनिट लीडर एकाच वेळी दोन व्यवस्थांना उत्तरदायी असतो. शिक्षक म्हणून त्याच्यावर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शिक्षण खाते यांचे नियंत्रण असते. स्काऊटर म्हणून तो जिल्हा संस्थेचे आयुक्त आणि जिल्हा संघटक यांच्या कक्षेत येतो. आयुक्तांची पदे बहुधा शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांकडेच असल्यामुळे या दोन व्यवस्था व्यवहारात एकच वाटतात, पण तसे मानणे धोक्याचे आहे. मुख्याध्यापकांनी सहलीला परवानगी दिली म्हणजे संस्थेची शिबिर-परवानगी मिळाली असे होत नाही. तसेच जिल्हा मेळाव्याचे पत्र आले म्हणून शालेय सहलींबाबतच्या खात्याच्या सूचना रद्द होत नाहीत. दोन्हीकडची लेखी मान्यता दप्तरी असल्याखेरीज पथक गावाबाहेर काढू नये.

पथकाच्या रचनेचा नियम सोपा आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक व एक उपसंघनायक, आणि अशा चार संघांचे मिळून जास्तीत जास्त ३२ मुलांचे पथक. कोकणात हा सोपा नियमच अडचणीचा ठरतो. मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतरामुळे वाड्यावाड्यांतील जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या घटलेली आहे आणि अनेक शाळांत पाचवी ते सातवीची मुले मिळूनही दोन संघ भरत नाहीत. अशा वेळी आकडा पुरा करण्यासाठी तिसरीतल्या मुलाला स्काऊट म्हणून दाखवणे किंवा मुंबईला गेलेल्या मुलाचे नाव पटावर तसेच ठेवणे हा मोह टाळला पाहिजे. स्काऊट-गाईड शाखा साधारण दहाव्या वर्षानंतरची आहे. त्याहून लहान मुलांसाठी कब आणि बुलबुल या शाखा आहेत. केंद्रातील दोन-तीन शाळांचे मिळून एक पथक नोंदवणे, किंवा शाळेशी न जोडलेले मुक्त पथक काढणे, हे सरळ मार्ग आहेत. मुक्त पथकात गावातील तरुण, निवृत्त शिक्षक किंवा तटरक्षक दल वा नौदलातून परतलेली व्यक्ती लीडर होऊ शकते. कोकणात अशा अनुभवी माणसांची वाण नाही आणि या मार्गाचा उपयोग आजवर फार कमी झाला आहे.

गाईड आणि बुलबुल पथकांचे नेतृत्व स्त्रीनेच करावयाचे असते. दोन शिक्षकी शाळेत दोघेही पुरुष असतील तर मुलींचे पथक निघत नाही, आणि मग शेजारच्या शाळेतील बाईंचे नाव केवळ कागदावर लावण्याचा प्रकार घडतो. ही पळवाट अतिशय गंभीर आहे, कारण मुलींच्या मुक्कामी शिबिरात प्रत्यक्ष हजर असलेली जबाबदार स्त्री नसेल, तर नोंदवहीतले नाव रात्री दोन वाजता कोणाच्याच उपयोगी पडत नाही. नाव ज्यांचे, हजेरी त्यांचीच असावी.

प्रशिक्षणाचे तीन मुख्य टप्पे आहेत : सहसा सात दिवसांचा निवासी मूलभूत वर्ग, त्यानंतरचा प्रगत वर्ग आणि शेवटी हिमालय वुड बॅज. मध्य प्रदेशातील पचमढी येथे संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. वुड बॅजधारकाच्या गळ्यात दोन लाकडी मणी असतात. प्रशिक्षक झालेल्यांच्या गळ्यात तीन किंवा चार. नेमणूक झाल्यावर जिल्ह्याच्या शिफारशीने लीडरला ‘वॉरंट’ मिळते. हे अधिकारपत्र आहे, पदवी नव्हे. गैरवर्तन झाल्यास ते काढून घेता येते आणि पद सोडताना ते परत करावयाचे असते.

नोंदवह्यांबद्दल शिक्षकांची तक्रार रास्त आहे, कारण शाळेचे ऑनलाइन अहवाल आधीच डोईजड झालेले असतात. तरीही पथकाच्या वह्या कमी करता येत नाहीत. सभासद नोंदणी व हजेरी, प्रवेश चाचणीपासून प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपानापर्यंतची (सोपान म्हणजे चाचण्यांची पायरी) व पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतची प्रगती, साहित्याची नोंद, रोकडवही आणि संघनायकांच्या सभेचे इतिवृत्त, एवढे किमान हवेच. वार्षिक नोंदणीचे नूतनीकरण राहिले तर मुलाची पुढची चाचणी अडते आणि ते मुलाच्या लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. सोपानाची तारीख त्याच दिवशी लिहावी. पुरस्काराचा अर्ज भरताना आठवून लिहिलेल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत आणि मेहनती मुलाचा अर्ज लीडरच्या आळसापायी परत येतो. इतिवृत्त मात्र मुलांनीच लिहावे. ‘तंबूचे दोन खुंटे हरवले. संघाने बांबूचे करून द्यावे असे ठरले,’ एवढी एक ओळ सातवीतल्या संघनायकाने आपल्या अक्षरात लिहिली, की पथक कोण चालवतो हे तपासणीस येणाऱ्या आयुक्तांना वेगळे सांगावे लागत नाही.

पैशाच्या व्यवहारात नियम अधिक कडक आहेत. पथकाचा निधी पथकाच्या नावाने बँकेत ठेवावा आणि तो दोघांच्या सहीने काढावा. लीडरच्या स्वतःच्या खात्यावर किंवा मोबाइलवर शुल्क घेणे सोयीचे असले तरी टाळावे. ७ नोव्हेंबर या स्थापना दिनी ध्वजदिनाचे स्टिकर विकून येणाऱ्या रकमेचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो. महाराष्ट्रात रूढ असलेला ‘खरी कमाई’ हा उपक्रम शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे : मुलाने देणगी न मागता काम करून पैसे मिळवावेत आणि काम देणाऱ्याने मुलाजवळच्या कार्डावर कामाचे स्वरूप, रक्कम व सही करावी. कोकणात हे काम काजूच्या बागेत बिया वेचण्याचे असते, अंगण सारवण्याचे असते, पावसाळ्याआधी पडवीत लाकडे रचून ठेवण्याचे असते. कार्डावर ‘बिया वेचल्या, २० रुपये’ अशी नोंद आणि खाली आजीचा अंगठा असला तरी ती पावती पूर्ण आहे. लीडरने पाहावयाचे ते एवढेच, की काम वयाला झेपणारे आहे, मूल झाडावर किंवा विहिरीच्या काठावर चढलेले नाही आणि एकाच घरातून सगळी रक्कम आलेली नाही. पालकच पैसे भरून कार्ड पुरे करतात तेव्हा हिशेब जुळतो, पण त्यात कमाई कुठेच नसते.

शिबिराचा हंगाम पावसाने ठरवून दिलेला आहे. जून ते सप्टेंबर मैदाने चिखलाची असतात, लावणीच्या दिवसांत मुले शेतात हवी असतात, गणपतीत गाव चाकरमान्यांनी भरलेले असते आणि शिमग्यात पालखी घरोघर फिरत असल्यामुळे कोणताही पालक मुलाला बाहेर पाठवीत नाही. म्हणून मुक्कामी शिबिरे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवली जातात. पालकांचे लेखी संमतिपत्र, वैद्यकीय दाखला, मुलाच्या औषधांची व ॲलर्जीची माहिती, जवळच्या रुग्णालयाचे अंतर आणि जिल्हा आयुक्तांची परवानगी ही कागदपत्रे शिबिरापूर्वी जमली पाहिजेत. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, तळ मोकळा आणि कोरडा मिळतो, परंतु तेथे पाणी नसते आणि दगडांच्या सांदीत फुरसे असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात या विषारी सापाचा दंश नवा नाही. सर्पदंशावरील लस जवळच्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात उपलब्ध आहे, हे फोन करून विचारलेले असावे, गृहीत धरलेले नसावे. मुलांना अंधारात अनवाणी फिरू देऊ नये. जानेवारीनंतर गवत वाळते आणि वणव्याची भीती असते, म्हणून शेकोटीभोवतीची जागा खरवडून साफ करणे, पाण्याच्या बादल्या भरून ठेवणे आणि विझवल्यानंतर राख हाताने तपासणे ही कामे नेमून द्यावीत. सरपणासाठी देवराईत पाऊल टाकू नये; तिथली वाळकी काटकीही गाव उचलत नाही. मनोरे व पूल बांधण्यासाठी बांबू आणि काथ्याचे सुंभ स्थानिक मिळते, तरी सुंभ ओले होऊन वाळले की गाठ सैल होते. त्यामुळे मूल वर चढण्यापूर्वी लीडरने प्रत्येक बांधणी स्वतः ओढून पाहावी.

समुद्राबाबतचे नियम येथे सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि तेच सर्वाधिक वेळा मोडले जातात. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या परवानग्यांवर सर्वत्र कडक नजर आली. किनाऱ्यावरची मुले पोहणारी असतात, असे समजून कोकणातील लीडर गाफील राहतो. वस्तुतः खाडीकाठच्या घरातले मूल पोहते आणि तीन किलोमीटर आतल्या वाडीतले मूल गळाभर पाण्यातही उभे राहिलेले नसते, आणि शिबिरात दोघे शेजारी असतात. प्रौढाच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये, पोहण्याची चाचणी झाल्याशिवाय खोल पाणी नाही, आणि पोहणारे दोन रक्षक दोरासह कपडे बदलून काठावर उभे असावेत, ही चळवळीतली जुनी शिस्त आहे. तिच्या जोडीला मुलांच्या जोड्या पाडतात. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा आणि लीडरने जोड्या मोजायच्या. एक जोडी कमी भरली तर पुन्हा न मोजता सर्वांना लगेच बाहेर घ्यायचे. नौकेतून जाताना प्रत्येकाच्या अंगात, पिशवीत नव्हे, जीवरक्षक जॅकेट हवे.

भरतीची वेळ छापील तक्त्यावरून पाहावी. तक्ता हाताशी नसेल तर कोळी व भंडारी मंडळी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून वेळ काढतात : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. हा हिशेब ढोबळ आहे, ठिकाणागणिक थोडा बदलतो, पण मुलांना शिकवण्यासारखा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते आणि ओहोटीला पाणी वेगाने आत ओढते. त्या दिवशी वाळूवर खेळ घ्यावेत आणि पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये. त्या गावचा कोळी ‘आज नको’ म्हणाला तर लीडरने वाद न घालता कार्यक्रम बदलावा. मुलांची निराशा, पालकांनी भरलेले भाडे आणि जिल्ह्याकडून आलेली कार्यक्रमपत्रिका यांपैकी कोणतेही कारण त्या नकारापुढे पुरेसे नाही.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत कायद्याचे बंधन आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती किंवा आशंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ नुसार शिक्षापात्र अपराध आहे. गावची, शाळेची किंवा पथकाची अब्रू हे कळवणे थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. गावात सगळेच नात्याचे किंवा ओळखीचे असल्यामुळे प्रकरण ‘घरातच मिटवण्याचा’ आग्रह होतो, आणि म्हणून लीडरला हे कलम पाठ असणे आवश्यक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांनाही माहीत असावा. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटे न राहणे, मोठ्यांची झोपण्याची व्यवस्था वेगळी ठेवणे, शिक्षा म्हणून मारहाण किंवा उपाशी न ठेवणे आणि पालकांच्या संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर न टाकणे हे नियम चांगल्या माणसांवरचा अविश्वास दाखवत नाहीत; ते लीडरलाही खोट्या आळापासून वाचवतात.

जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळ आणि जुलै २०२१ मधील चिपळूण-महाडचा पूर यांनंतर पथकांनी आपत्तीत काय करावे हा प्रश्न वारंवार निघतो. धान्याची पाकिटे भरणे, याद्या करणे, शाळा साफ करणे, प्रथमोपचाराच्या पेट्या लावणे ही मुलांची कामे आहेत. वाहत्या पाण्यात, पडलेल्या विजेच्या तारांजवळ किंवा ढासळलेल्या दरडीवर अल्पवयीन मुलाला नेण्याचा अधिकार कोणत्याही वॉरंटने मिळत नाही. पूर ओसरल्यावरच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने सफाईसाठीही बूट आणि हातमोजे हवेत.

कोकणातील बहुतेक पथके संपतात ती मुलांअभावी किंवा लीडरच्या बदलीमुळे. बदलीचा आदेश आला की लीडरने जिल्हा संघटकास लेखी कळवावे, नवा लीडर नेमेपर्यंत मुख्याध्यापकांकडे पथक सोपवावे आणि दोघांच्या सहीची हस्तांतरण यादी करावी. तिच्यात बँकेचे पासबुक, शिल्लक रक्कम, सोपानाच्या नोंदी, अपूर्ण राहिलेल्या चाचण्यांची नावे आणि साहित्य लिहावे : तंबू किती, त्यांतला फाटका कोणता, खुंटे किती, ध्वज, दोर, प्रथमोपचार पेटी आणि तिच्यातील औषधांच्या मुदतीच्या तारखा. यादीची एक प्रत शाळेत, एक जिल्हा कार्यालयात आणि एक संघनायकांकडे राहते.