मांजराच्या जिभेचा हिशोब

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण म्हणतो आणि त्याच्या डोळ्यांकडेच बघत राहतो. जिभेकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझंही नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलाने विचारलं, ‘‘काका, दूध पिताना मांजर जिभेचा चमचा करतं ना?’’ मी बिनदिक्कत ‘हो’ म्हणालो. रात्री सहज वाचायला बसलो तेव्हा कळलं की उत्तर चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी जिन्यातल्या मनीसमोर दुधाची बशी ठेवली, बशीच्या कडेला मोबाइल जमिनीलगत आडवा टेकवला आणि स्लो मोशनवर चित्रण केलं. डोळ्यांना जी नुसती लपालप दिसते, ती तिथे सावकाश उलगडली. जीभ बाहेर येते, तिचं टोक खाली वळतं आणि तसंच मागे हनुवटीकडे मुडपतं. त्यामुळे जिभेची वरची बाजू दुधाकडे होते. ती दुधात बुडत नाही, नुसती टेकते. टेकली की लगेच जीभ झपकन वर जाते आणि तिच्यामागोमाग दुधाची एक बारीक पांढरी कांडी बशीतून उभी राहते. कांडी कोसळायच्या आत जबडा मिटतो, वरचा तुकडा तोंडात राहतो, उरलेलं दूध खाली पडतं. दहा सेकंदांत मनीने अशा 35 खेपा केल्या. मिशीला थेंब लागला नाही.

मांजराला एवढी यातायात का करावी लागते? आपण पेल्याला ओठ लावतो, गालांनी तोंड बंद करतो आणि आत ओढतो. घोडा, गाय, म्हैस हेही तोंड पाण्याला लावून ओढूनच पितात. मांजराचा जबडा मात्र सावज पकडण्यासाठी मागपर्यंत उघडणारा असतो, त्यामुळे त्याचे गाल पुढे पुरते मिटत नाहीत. फटीतून हवा येते, ओढ लागतच नाही. कुत्र्याची अडचण हीच. तो जीभ पळीसारखी मागे वळवून पाण्यात चांगली खोल घालतो. म्हणून कुत्रं पाणी प्यायलं की आजूबाजूची फरशी पुसावी लागते.

मांजराची जीभ मागे मुडपते हे अमेरिकेतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1940 मध्येच अतिवेगवान छायाचित्रणातून एका लघुपटात दाखवलं होतं. पण दूध वर चढतं कशामुळे, हे पुढची सत्तर वर्षं कुणी मोजलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत द्रवांच्या हालचालींचा अभ्यास करणारे रोमन स्टॉकर एका सकाळी न्याहारी करताना आपल्या ‘कुट्टा कुट्टा’ नावाच्या काळ्या मांजराला पाणी पिताना बघत होते. आणखी तीन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी त्याचं वेगवान चित्रण केलं आणि 2010 च्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध आला. चौघांत प्राणिशास्त्रज्ञ एकही नव्हता. त्यांनी जिभेच्या टोकाऐवजी काचेची एक छोटी गोल चकती घेतली, ती यंत्राने पाण्याला टेकवून वेगवेगळ्या वेगांनी वर उचलली आणि किती पाणी मागे येतं ते मोजलं.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. परातीत पाणी घ्या. डब्याचं छोटं सपाट झाकण पाण्यावर नुसतं टेकवा आणि हळूच सरळ वर उचला. पाणी झाकणाला चिकटून किंचित वर येईल आणि मान मोडल्यासारखं तुटेल. आता तेच झटक्यात उचला. या वेळी पाण्याचा खांब बराच उंच उठेल.

या खांबावर दोन गोष्टींची ओढाताण चालते. पाणी जिभेला चिकटतं म्हणून पहिला थर वर ओढला जातो. एकदा ते वर निघालं की जडत्वामुळे ते वर जातच राहू पाहतं. बस अचानक थांबली की आपण पुढे जातो, तसंच. उलट बाजूने गुरुत्वाकर्षण त्याला खाली खेचत असतं. सुरुवातीला जडत्व जिंकतं आणि खांब भरत जातो. मग गुरुत्वाकर्षण वरचढ होतं, खांब मध्ये बारीक होतो आणि तुटतो. या दोहोंच्या मध्ये एक क्षण असा येतो की खांबात सर्वांत जास्त पाणी असतं. मांजर नेमकं त्या क्षणी तोंड मिटतं.

आता थोडं गणित, कारण माझ्या मते सगळं सौंदर्य तिथेच आहे. जिभेचा वर जाण्याचा सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे 78 सेंटिमीटर असतो आणि ती साधारण 3 सेंटिमीटर वर जाते. तेवढ्या उंचीवरून थेंब खाली पडायला सेकंदाचे जेमतेम 8 शतांश लागतात. म्हणजे मांजराकडे वेळ आहे तो एवढाच. अशा शर्यतीत कोण कुणाला भारी पडतं हे सांगायला अभियंते ‘फ्रूड अंक’ वापरतात. गुरुत्वीय त्वरणाला उंचीने गुणायचं, त्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने वेगाला भागायचं. सगळं मीटर आणि सेकंदांत मांडलं तर 9.8 गुणिले 0.03, त्याचं वर्गमूळ 0.54, आणि 0.78 भागिले 0.54 म्हणजे 1.4. हा अंक एकपेक्षा फार लहान असेल तर गुरुत्वाकर्षणाचं राज्य, फार मोठा असेल तर जडत्वाचं. मांजर एकच्या आसपास, म्हणजे दोन्ही बळं तुल्यबळ होतात त्या काठावर जीभ चालवतं. जहाजाने पाण्यात उठणाऱ्या लाटांचा हिशोब करायला वापरतात तोच हा अंक. त्यात द्रवाची घनता कुठेच येत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

याच तर्काने मोठ्या मांजरांबद्दल भाकीत करता येतं. तीन किलोची मांजरी घ्या आणि तिच्या 64 पट वजनाचा, म्हणजे 192 किलोचा वाघ घ्या. बांधा सारखाच मानला तर लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी चौपट, कारण चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे 64. जिभेलाही चौपट उंच जावं लागेल. पण कोसळायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून तो फक्त दुप्पट. मग खेपांचा वेग निम्मा व्हायला हवा. मनी सेकंदाला साडेतीन, तर वाघ पावणेदोन. गणिताच्या भाषेत, वजनाच्या सहाव्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात. संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात केलेलं चित्रण आणि लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफिती बघून मार्जारकुळातल्या मोठ्या जातींच्या खेपा मोजल्या, तर त्या या भाकिताशी जुळल्या. ताडोबाच्या पाणवठ्यावर वाघ पाणी पितानाचं चित्रण तुमच्या फोनमध्ये असेल, तर घड्याळ लावून मोजा.

एका खेपेत तोंडात येतं ते केवळ 0.14 मिलिलिटरच्या आसपास. अर्धा कप पाणी प्यायला मांजराला तीन मिनिटांहून जास्त लागतात ते यामुळेच.

मांजराने हात चाटला की जीभ कानशीसारखी लागते, पण दुधाला टेकणारं टोक मात्र गुळगुळीत असतं. खरखरीत असतो तो मधला भाग. तिथे आपल्या नखांच्याच केरॅटिनचे, घशाकडे वळलेले सुमारे तीनशे बारीक काटे असतात. हे काटे भरीव असतात असाच समज होता. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी त्यांचे सूक्ष्म सीटी स्कॅन काढले, तर प्रत्येक काट्याचं टोक खोलगट निघालं, पन्हळीसारखं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात घरच्या मांजरापासून सिंह-वाघापर्यंत सहा जाती होत्या, आणि सगळ्यांत तीच रचना. टोकाच्या त्या पोकळीत लाळ आपोआप चढते आणि काटा केसांत शिरला की थेट कातडीपाशी उतरते. मांजराला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांना. ही लाळ सुकताना अंग गार करते. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी अंग चाटत बसलेलं मांजर एक प्रकारे उसना घाम लावत असतं.

‘मांजराचा केस पोटात गेला की दमा लागतो’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकवलं जातं, आणि त्यापायी गरोदर बायका नि लहान मुलांच्या घरातून मांजरं हाकलली जातात. केस गिळल्याने दमा होत नाही. काही लोकांना मांजराची ॲलर्जी असते आणि तिचा त्रास दम्यापर्यंत जाऊ शकतो, हे खरं. पण तिचं मुख्य कारण आहे ‘फेल डी 1’ नावाचं प्रथिन. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होतं. जीभ ते अंगभर फासते, ते वाळतं, त्याचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि आपल्या श्वासातून आत जातात. ज्याला त्रास होतो त्याने डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. बाकीच्यांनी मुक्या जिवाला घराबाहेर काढण्याचं काही कारण नाही. मांजर आडवं गेलं म्हणून कामाला निघालेला माणूस परत फिरतो, त्याबद्दल तर काय बोलावं? ते बिचारं उंदरामागे निघालेलं असतं. आपण कुठे निघालोय, हे त्याच्या गावीही नसतं.

जिभेबद्दल आणखी एक. मांजराला गोड चव कळत नाही. आपली गोडाची जाणीव दोन जनुकांपासून बनणाऱ्या जोड-ग्राहकावर, म्हणजे जिभेवरच्या चव टिपणाऱ्या जोड-प्रथिनावर चालते. मांजरात त्यातल्या ‘टीएएस1आर2’ या जनुकाचा डीएनएच्या 247 अक्षरांचा तुकडा गळालेला आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या गटाने 2005 मध्ये दाखवलं. वाघ आणि चित्त्यातही जनुक असंच मोडलेलं आहे. मांजर बासुंदीवर तुटून पडलं तर ते सायीसाठी, साखरेसाठी नव्हे. शिवाय वाढत्या वयात बहुतेक मांजरांना दुधातली शर्करा पचेनाशी होते आणि त्यांना हगवण लागते. प्रेमाने रोज दूध घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

हे वाचल्यावर आम्ही मनीच्या बशीत दुधाऐवजी पाणी ठेवायला लागलो. पहिले दोन दिवस तिने वास घेऊन पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती बशीशी बसली, तेव्हा शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन पालथा झोपलाच होता. हिशोबात द्रवाची घनता येत नाही, म्हणजे दूध असो वा पाणी, खेपा तेवढ्याच भरायला हव्यात, हे त्याला मी आधी सांगून ठेवलं होतं. चित्रण थांबवून थांबवून त्याने दहा सेकंद दोनदा मोजले आणि वहीत आकडा लिहिला : 36.